मापाचा ब्लाउज आणि मंडळाची यादी

स्मरणिकेत संगणकाविषयी लेख दिसला की बहुतेक वाचक पान उलटून पुढच्या पाककृतीकडे वळतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. असे दोन वाचक माझ्या घरातच आहेत. तरीही संपादकांनी यंदा आग्रह धरला की मंडळाची सभासदयादी नवी करताना जे काही घडलं ते मी लिहावं, आणि सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहावं. तेव्हा मंडळी, थोडा धीर धरा. या लेखात डेटाबेस आहे हे खरं, पण त्याच्या जोडीला एक शिंपी आहे, नातीगोती आहेत आणि आपल्या मंडळातल्या एक काकूही आहेत.

मी १९९८ साली वाय-टू-केच्या लाटेत अमेरिकेत आलो. नव्या पिढीला ते प्रकरण सांगावं लागतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाला दोनच आकडे दिलेले असत. त्यामुळे २००० साल उजाडलं की यंत्राला ते १९०० वाटण्याची भीती होती. ते निस्तरायला आमच्यासारखी पुष्कळ मुलं दोन सुटकेसा आणि एक प्रेशर कुकर घेऊन इथे उतरली. त्या कामातून मी एक गोष्ट शिकलो. कुणीतरी सोयीसाठी आखलेला रकाना पुढे पंचवीस-तीस वर्षं माणसांच्या मानगुटीवर बसतो.

आपल्या मंडळाची यादी २००३ साली अशीच सोयीसाठी आखली गेली. ज्याने ती केली त्या स्वयंसेवकाला नावं ठेवायचा माझा मुळीच हेतू नाही. त्याआधी यादी एका वहीत होती आणि ती वही कोषाध्यक्षांच्या गाडीच्या ट्रंकमध्ये, गणपतीच्या मखराखाली असे. त्या भल्या माणसाने रात्री मुलं झोपल्यावर, पदरचा वेळ घालून ती सगळी नावं मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये घातली. एका ओळीत एक कुटुंब. रकाने असे: सभासदाचं नाव, मधलं नाव, आडनाव, पत्नीचं नाव, मूल एक, मूल दोन, मूल तीन, पत्ता, फोन, ईमेल, आणि शेवटी 'चालू' किंवा 'बंद'. वीस वर्षं या यादीने आपल्याला संक्रांतीची आमंत्रणं पाठवली, हे विसरून चालणार नाही.

२०२३ च्या थँक्सगिव्हिंगनंतर कार्यकारिणीने ठरवलं की येत्या पाडव्याच्या आत मंडळाची वेबसाइट नवी करायची. काम माझ्याकडे आलं. अशी वेबसाइट आज कुणी पायापासून बांधत नाही. त्यासाठी तयार सांगाडे मिळतात, त्यांना वेब फ्रेमवर्क म्हणतात. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं ही नेहमीची कामं त्यात आधीच करून ठेवलेली असतात. मी 'जँगो' निवडलं. जाझ वाजवणारा गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्यावरून ते नाव ठेवलेलं आहे. हे बाळ आपल्या मिडवेस्टमध्येच जन्माला आलेलं. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली त्याची सुरुवात केली आणि २००५ साली ते सर्वांना फुकट खुलं झालं. वर्तमानपत्राच्या कचेरीत सकाळी मागणी आली की संध्याकाळपर्यंत पान तयार हवं असतं. कार्यकारिणीचा खाक्याही तोच, म्हणून मला ते आपलंसं वाटलं.

आता मुद्द्याचं. डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत असते: ओळी आणि रकाने. ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली आणि आजही बँकेपासून विमानाच्या तिकिटापर्यंत बहुतेक कारभार तिच्यावर चालतो. पण प्रोग्रॅम लिहिणारा माणूस टेबलाच्या भाषेत विचार करत नाही. त्याला 'सभासद' हवा असतो, 'वर्गणी' हवी असते. म्हणून तो 'क्लास' लिहितो. सभासद म्हणजे काय, त्याचं नाव किती अक्षरांचं, जन्मतारीख ही तारीखच असली पाहिजे की नाही, कोणता रकाना कोरा सोडला तर चालेल, हे सगळं त्या क्लासमध्ये लिहिलेलं असतं. डेटाबेसच्या टेबलाचं प्रोग्रॅममधलं हे जे रूप, त्याला मॉडेल क्लास म्हणतात.

जँगोत सरळ रीत अशी की आधी क्लास लिहायचा आणि त्यावरून फ्रेमवर्क स्वतः टेबल तयार करतं. रुबी ऑन रेल्स हे २००४ सालचं दुसरं प्रसिद्ध फ्रेमवर्क उलट वागतं. त्यात क्लास जवळजवळ रिकामा असतो आणि कोणते रकाने आहेत ते तो चालू असताना थेट टेबलाला विचारतो. शिवाय त्याला इंग्रजी व्याकरणही येतं. क्लासचं नाव 'पर्सन' ठेवलं तर तो आपसूक 'पीपल' नावाचं टेबल शोधतो.

माझ्यापुढे मात्र वीस वर्षांचं भरलेलं टेबल होतं आणि क्लास एकही नव्हता. अशा वेळी जँगोत एक आज्ञा आहे, 'इन्स्पेक्ट-डीबी'. ती दिली की जँगो डेटाबेसमध्ये डोकावतं, एकेक टेबल न्याहाळतं आणि प्रत्येकासाठी मॉडेल क्लास आपणच लिहून देतं. दोन-चार सेकंदांचं काम.

हे ऐकून माझी बायको म्हणाली, "म्हणजे मापाचा ब्लाउजच की!"

याहून चांगली उपमा मला गेल्या पंचवीस वर्षांत एकाही तांत्रिक पुस्तकात सापडलेली नाही. आपल्या सगळ्या भगिनींना हे माहीत आहे. पुण्याला किंवा दादरला जाताना बॅगेत एक जुना, नीट बसणारा ब्लाउज टाकायचा, शिंप्याला द्यायचा आणि सांगायचं, "याच मापाचे सहा शिवा." शिंपी टेप लावतो, खांदा, छाती, बाही मोजतो आणि हुबेहूब शिवतो. आता त्या जुन्या ब्लाउजची एक बाजू कधीतरी उसवून सैल केलेली असेल, तर नवे सहाही एका बाजूने सैल येतात. शिंप्याचं काही चुकलेलं नसतं. त्याने समोरच्या कापडाचं माप घेतलं. घालणाऱ्या बाईचं माप त्याने घेतलंच नाही.

माझ्या हातात पडलेले क्लास नेमके तसे होते. एकेक गंमत सांगतो.

टेबलाचं नाव 'मेंबर्स' होतं, म्हणून क्लासचं नावही 'मेंबर्स' आलं. पुढे व्यवस्थापनाच्या पडद्यावर जँगो प्रत्येक क्लासच्या नावाला स्वतःचा एक 'एस' जोडून अनेकवचन करतं. परिणामी पडद्यावर झळकलं 'मेंबर्सस'. त्याखाली आपल्या सर्व सन्माननीय सभासदांची यादी अशी: 'मेंबर्स ऑब्जेक्ट एक', 'मेंबर्स ऑब्जेक्ट दोन', 'मेंबर्स ऑब्जेक्ट तीन'. सभासदाला कोणत्या नावाने हाक मारायची हे क्लासमध्ये आपण लिहायचं असतं. यंत्राला ते कुठून कळणार?

मराठी शाळेच्या टेबलात इयत्तेच्या रकान्याचं नाव 'क्लास' होतं. पण पायथन भाषेत तो शब्द राखीव आहे, म्हणून यंत्राने त्याचं बारसं करून 'क्लास-फील्ड' केलं आणि शेजारी तशी टीप लिहिली. हा त्याचा गुण मला फार आवडला. जे बदललं ते सांगतं. एखाद्या रकान्याचा प्रकार ओळखता आला नाही तर तो साधा मजकूर धरतं आणि हा आपला अंदाज आहे असं स्पष्ट लिहून ठेवतं. इतका प्रामाणिकपणा माणसांत सुद्धा दुर्मीळच.

एक रकाना होता 'मराठी नाव'. यंत्राने त्याचं वर्णन केलं: मजकूर, जास्तीत जास्त पन्नास अक्षरं. अगदी बरोबर! पण आत पाहिलं तर सगळी रोमन अक्षरांची आणि कंसांची खिचडी. २००३ साली आपल्यापैकी बहुतेक जण खास मराठी फॉन्ट वापरून टाइप करत असत. त्यात आतली अक्षरं रोमनच राहत, फक्त त्यांचं चित्र देवनागरी दिसे. तो फॉन्ट नसला की नाव गेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, तसं त्या रकान्यात काहीच नव्हतं. यंत्राने डबा बरोबर मोजला होता. डब्यातला रवा आहे की साखर, हे बघणं त्याचं काम नव्हतं.

आणि माणसांनी त्या रकान्यांत काय काय कोंबलं होतं! ज्या कुटुंबात सभासद म्हणून बाईंनी नाव नोंदवलं होतं, तिथे नवरोजी वीस वर्षं 'पत्नीचं नाव' या रकान्यात मुकाट बसले होते. एका घरात जुळ्यांमुळे मुलं चार झाली, आणि चौथ्याचं नाव पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत सापडलं.

पण सर्वांत मोठी उणीव नात्यांची होती. एक टेबल दुसऱ्याशी कसं जोडलेलं आहे, म्हणजे ही वर्गणी कोणत्या सभासदाची, हे डेटाबेसला सांगून ठेवता येतं. त्याला फॉरिन की म्हणतात. ती असेल तर इन्स्पेक्ट-डीबी ती ओळखतं आणि क्लासमध्ये उतरवतं. आपली जुनी टेबलं मात्र मायएसक्यूएलच्या 'मायआयसॅम' या पद्धतीची होती. २००३ साली ती न मागता मिळायची, आणि तिला नाती समजतच नाहीत. २०१० साली आलेल्या ५.५ आवृत्तीपासून 'इनोडीबी' ही नाती सांभाळणारी पद्धत न मागता मिळू लागली. म्हणून मराठी शाळेची २०१२ साली केलेली दोन टेबलं एकमेकांना ओळखत होती, पण वर्गणीच्या टेबलात सभासदाचा नुसता एक क्रमांक होता. यंत्राने क्लासमध्ये लिहिलं: पूर्णांक. वर्गणी भरणारा माणूस त्याच्या लेखी एक पूर्णांक होता.

एवढ्यावर कुणी म्हणेल, मग द्या दुरुस्त करून. कार्यकारिणीत हेच झालं. झूमवर मीटिंग होती, पाडव्याला दोन महिने उरले होते. सचिव म्हणाले, "अरे, क्लास तयार आहेत, साइट चालते आहे, 'मेंबर्सस'चा एक 'एस' काढ आणि सोडून दे. लोकांना आमंत्रण मिळाल्याशी मतलब." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मीही नोकरीच्या ठिकाणी कितीदा असंच म्हटलं आहे. मी त्यांच्याकडून दोन आठवडे मागून घेतले, कारण मला 'चालू-बंद' या रकान्यात काय आहे ते बघायचं होतं. यंत्राने त्याचं वर्णन केलं होतं, पण एखादी ओळ बंद का झाली हे त्या वर्णनात असणं शक्य नव्हतं.

मी बंद ओळी एकेक करून वाचायला बसलो. काही मंडळी गाव सोडून गेलेली, काहींनी वर्गणी थांबवलेली. मग एक ओळ आली आणि मी थांबलो. ते काका २०१९ साली गेले. त्यांच्या अंत्यविधीला आपल्यापैकी पुष्कळ जण होतो. ते गेल्यावर कुणीतरी, अगदी योग्य म्हणूनच, त्यांची ओळ बंद केली होती. दुसरं करणार काय? एका ओळीला एकच बटण. पण त्याच ओळीत 'पत्नीचं नाव' या रकान्यात काकूही होत्या. काकांबरोबर त्याही बंद झाल्या. ईमेल काकांचं, फोन काकांचा. चार वर्षं मंडळाकडून त्यांना ना आमंत्रण, ना स्मरणिका. आपल्या मराठी शाळेत ज्यांनी कित्येक मुलांना 'ळ' म्हणायला शिकवलं, त्या या काकू.

मी त्यांना फोन केला.

"काकू, मी मंडळातून बोलतोय. सभासदांची यादी नवी करतोय, तुमची माहिती हवी होती."

"अरे, मी आहे होय अजून यादीत?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे गेले तसं आमचं सभासदत्वही गेलं. वर्गणीचं पत्र यांच्याच नावाने यायचं ना. मग कुणाला विचारणार? आणि विचारलं की लोकांना उगीच ओशाळं वाटतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी विचारलं, "तुमचं नाव कसं लिहू?"

"म्हणजे?"

"म्हणजे आता तुमची स्वतःची ओळ असेल. वेगळी."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सौ. लिहू नकोस, श्रीमतीही नको. नुसतं नाव लिही. मधलं नाव यांचंच राहू दे. आणि ईमेल माझं घे. लेकाने काढून दिलंय, पण त्यावर बँकेखेरीज अजून कुणाचं काही आलेलं नाही."

बंद ओळींमध्ये अशा अकरा स्त्रिया निघाल्या. दोन पुरुषही निघाले, ज्यांच्या पत्नीच्या नावावर सभासदत्व होतं.

पुढच्या मीटिंगला मी हे सांगितलं आणि मग जँगोतल्या एका बारक्या कलमावर तासभर चर्चा झाली, जी मी आयुष्यात विसरणार नाही. दोन क्लासमध्ये नातं जोडताना जँगो आपल्याला एक प्रश्न विचारतं: ज्याच्यावर ही नोंद अवलंबून आहे ती नोंद पुसली गेली, तर हिचं काय करायचं? या कलमाचं नाव 'ऑन-डिलीट'. पूर्वी उत्तर दिलं नाही तरी चालायचं, तेव्हा जँगो 'कॅस्केड' धरून चालायचं: मुख्य नोंद गेली की तिच्यामागे अवलंबून असलेल्या सगळ्या नोंदीही जातात. २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीपासून उत्तर देणं सक्तीचं झालं. 'प्रोटेक्ट' लिहिलं तर मागे कुणी अवलंबून असेपर्यंत मुख्य नोंद पुसूच देत नाही. 'सेट-नल' म्हणजे नोंद राहते, नात्याची जागा रिकामी होते. आणि इन्स्पेक्ट-डीबीला जिथे नातं सापडतं, तिथे ते 'डू-नथिंग' लिहून मोकळं होतं, म्हणजे जँगोने काही करायचं नाही. पण फाइलच्या माथ्यावर ते बजावतं की तुम्हाला इथे काय व्हायला हवं ते तुम्हीच ठरवून लिहा.

मी हे समजावून सांगत असताना कार्यकारिणीतली सर्वांत तरुण सभासद, इथेच वाढलेली मुलगी, मध्येच म्हणाली, "म्हणजे काका गेले की काकूंचीही नोंद जाणार, हे जे कॅस्केड, ते सतीच झालं की!"

झूमवर क्षणभर सगळे म्यूट झाल्यासारखे गप्प बसले. मग सचिवच म्हणाले, "घे अजून दोन आठवडे. पण पाडवा चुकवू नकोस."

यंत्राने दिलेले क्लास मी टाकून दिले नाहीत. त्यांच्यावर 'मॅनेज्ड नाही' अशी खूण असते. म्हणजे टेबल दुसऱ्याचं आहे, मी त्यात राहीन पण भिंतीला खिळा ठोकणार नाही, असं जँगो सज्जन भाडेकरूसारखं वचन देतं. त्या क्लासमधून मी जुनी माहिती फक्त वाचायची ठरवली. शेजारी हाताने तीन नवे क्लास लिहिले. पहिला 'व्यक्ती': प्रत्येक माणसाची स्वतःची ओळ, स्वतःचं नाव, स्वतःचा ईमेल. दुसरा 'कुटुंब': पत्ता आणि घरचा फोन. तिसरा दोघांना जोडणारा: कोणती व्यक्ती, कोणत्या कुटुंबात, कोणत्या तारखेपासून, आणि लागल्यास कोणत्या तारखेपर्यंत. वर्गणीच्या नोंदीला 'प्रोटेक्ट'. ज्याने मंडळाला वर्गणी दिली त्याची ओळ चुकूनही पुसता येणार नाही.

असं केल्यावर बाकीची कोडी आपोआप सुटली. मूल एक, मूल दोन, मूल तीन हे रकानेच राहिले नाहीत, म्हणून चौथं मूल पत्त्यातून बाहेर आलं. नवरोजी 'पत्नी'च्या रकान्यातून सुटले. लेक लग्न होऊन टेक्सासला गेली तर तिचं नाव खोडायचं नाही. आईवडिलांच्या कुटुंबात 'पर्यंत'ची तारीख लिहायची आणि तिच्या नव्या कुटुंबात 'पासून'ची. माणूस गेला तर त्याच्या ओळीत तारीख लिहायची. ओळ राहते, आणि घरातल्या बाकीच्यांना धक्का लागत नाही.

माझी लेक कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने विचारलं, "बाबा, क्लासचं नाव मराठीत का नाही लिहीत?" आणि खरोखरच, २००८ सालच्या पायथन तीनपासून नावं देवनागरीत लिहिता येतात. मोह झाला होता. पण उद्या हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला देवनागरी वाचता येईलच असं नाही, म्हणून आतली नावं रोमन ठेवली. पडद्यावर दिसणारी नावं मात्र मराठीत दिली. 'मेंबर्सस'च्या जागी आता 'कुटुंबे' आणि 'व्यक्ती' दिसतात. ती अनेकवचनं तिने तपासली, याचा मला विशेष आनंद आहे.

मराठी नावांचा रकाना पुन्हा भरायला तीन शनिवार लागले. दोन वहिनी आणि शाळेतली सात मुलं आमच्या बेसमेंटमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. पोहे माझ्याकडे होते. पाडवा ९ एप्रिल २०२४ ला होता, नवी साइट त्याच्या तीन दिवस आधी सुरू झाली आणि जुन्या यादीतली प्रत्येक ओळ नव्या यादीत कुठे गेली हे आम्ही मोजून पाहिलं. पाडव्याचं आमंत्रण प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या ईमेलवर गेलं. काकूंचं उत्तर अर्ध्या तासात आलं: "येते. श्रीखंड आणू का?"

मंडळी, आता तुमचं काम. या वर्षीच्या दिवाळीच्या कार्यक्रमात दारापाशी नोंदणीचं टेबल असेल. तिथे आपली ओळ बघा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची ओळ वेगळी आहे ना, ईमेल ज्याचा त्याचा आहे ना, भारतातून येऊन राहिलेल्या आईबाबांची नावं आहेत ना, आणि मधलं नाव तुम्हाला हवं तसं आहे ना, हे तपासा. त्या टेबलावर काकू बसणार आहेत. चूक दिसली तर त्यांना सांगा, त्या तिथेच दुरुस्त करतील. पासवर्ड त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे मागू नका. आणि नावात 'ळ' असेल तर तो नीट म्हणा, नाहीतर त्या रांग थांबवून तुमच्याकडून पुन्हा म्हणवून घेतील.